घर की पिंजरा?

शाळेत शिकवीत असताना परीक्षेत मी एक प्रश्न हमखास घालीत असे : ‘फरक स्पष्ट करा.’ पानाच्या मधोमध उभी रेघ ओढायची, डाव्या बाजूला एक वस्तू, उजव्या बाजूला दुसरी, आणि खाली क्रमांक घालून मुद्दे लिहायचे. चार मुद्द्यांना चार गुण. मुलांना सोपा आणि मास्तरांना तपासायला त्याहून सोपा. निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीने तोच प्रश्न माझ्यावर उलटविला, आणि त्याचे उत्तर देता देता मी एका जुन्या हिशेबापाशी येऊन थांबलो. तो हिशेब वाचकांपुढे मांडावा असे वाटले, म्हणून हे लिहितो आहे.

आमचे गाव बीदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे वर्षाचा काळा मसाला होतो. त्या दिवशी अंगणात धने, खोबरे, नागकेशर, दालचिनी असे सगळे ताटाताटांतून मांडले होते. एका ताटात दगडफूल होते. वरून करडे, खालून काळे, चुरगळलेल्या कागदाच्या कपट्यासारखे. नात ते नाकाशी धरून बघत होती. इतक्यात कुंपणापलीकडच्या बोरीवर पाच-सहा लहान पोपट ‘टुई टुई’ करीत उतरले. नात म्हणाली, “आजोबा, दगडफूल आणि पोपट. फरक स्पष्ट करा!” आणि खडूने फरशीवर उभी रेघ ओढून मोकळी झाली.

मी उत्साहाने मुद्दे सांगू लागलो. मास्तर कितीही म्हातारा झाला तरी खडू दिसला की त्याला राहवत नाही.

प्रथम दगडफूल. आमच्या या सीमाभागात एकाच बाजारात तीन-चार भाषा चालतात. कन्नड बोलणारा दुकानदार त्याला ‘कल्लुहूवु’ म्हणतो, उर्दू बोलणारा ‘पत्थर का फूल’ म्हणतो आणि आपण दगडफूल म्हणतो. तिन्ही भाषांनी एकमताने एकच नाव दिले आणि तिन्ही एकदमच चुकल्या. कारण ते फूल नाही, आणि बाजारात येणारे बरेचसे दगडावरचेही नसते; हिमालयाच्या उतारावरील ओकसारख्या झाडांच्या सालीवरून, तसेच दक्षिणेतील डोंगराळ रानांतून ते खरवडून आणलेले असते. शास्त्रात या वनस्पतिसदृश जीवांना शैवाक म्हणतात. आपल्या मसाल्यातील मुख्य जात ‘पार्मोट्रेमा पर्लाटम’. विक्रीच्या मालात तिच्या भाऊबंद जातीही मिसळलेल्या असतात. त्याला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही, बी नाही. पाणी मिळाले की हिरवट होऊन जागे होते; पाणी आटले की वाळून, न मरता, पडून राहते. पानासारख्या पसरणाऱ्या शैवाकांची वाढ साधारणपणे वर्षाला काही मिलिमीटर. बीदरच्या जांभ्या दगडावर आणि कलबुर्गीच्या किल्ल्याच्या काळ्या दगडावर जे पिवळे-करडे खपलीसारखे डाग दिसतात त्या जातींची तर त्याहूनही कमी. म्हणजे आपण चिमटीने मसाल्यात टाकतो तो तुकडा कोठल्या तरी झाडावर कित्येक वर्षे वाढत होता.

आता उजवी बाजू. बोरीवर उतरले होते ते नेहमीचे राघू नव्हेत. राघूहून हा लहान. शेपटीसकट जेमतेम तेहतीस सेंटिमीटर, आणि त्यातही निम्म्याहून अधिक शेपटीच. वजन साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास. नराचे डोके पिकल्या जांभळासारखे लालसर-जांभळे, गळ्याला काळी कडी, शेपटीचे टोक पांढरे. मादीचे डोके राखी. उर्दूत याला टुइयां म्हणतात, आम्ही टुइया म्हणतो. हा भारतीय उपखंडाबाहेर आढळत नाही. चिंचोळीकडच्या पानगळीच्या जंगलासारखी झाडी त्याला आवडते. झाडाच्या ढोलीत घरटे करतो, चार ते सहा अंडी घालतो. उडताना असा सरळ आणि वेगाने जातो की मान वळवेपर्यंत थवा दिसेनासा होतो.

मुद्दे भराभर झाले. एक हलत नाही, दुसरा थांबत नाही. एक मुके, दुसरा बोलघेवडा. एकाचे आपण कूट करतो, दुसऱ्याला पेरू देतो. दगडफुलावर कोणी कथा रचल्याचे मला ठाऊक नाही. पोपटावर मात्र मराठीत शुकबहात्तरी झाली आणि गोवळकोंड्याच्या दरबारातील कवी गवासी याने १६३९ साली आमच्याच दख्खनी बोलीत तूतीनामा रचला. सृष्टीतील जीवांची नावनिशी करणाऱ्या लिनीअसने १७६६ मध्ये टुइयाची नोंद केली. त्याच लिनीअसने शैवाकांची गणना वनस्पतिसृष्टीतील अगदी दरिद्री शेतकऱ्यांत केली होती. मोठ्या शास्त्रज्ञाच्या मनातही वरची पंगत आणि खालची पंगत असतेच! मात्र शलमोन राजाविषयी पवित्र शास्त्रात सांगितले आहे की, तो लबानोनावरील गंधसरूविषयी बोलला आणि भिंतीतून उगवणाऱ्या एजोबाविषयीही बोलला, आणि पशुपक्ष्यांविषयीही. शहाणपणाच्या यादीत भिंतीवरच्या क्षुद्र रोपट्याला जागा होती हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणि मुके म्हणावे तर तेही पूर्ण खरे नाही. १८६६ साली नायलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पॅरिस शहरात इतरत्र जी शैवाके नाहीशी झाली ती लक्झेंबर्ग उद्यानातील झाडांवर मात्र टिकून आहेत. कारण तेथील हवा शुद्ध आहे. कोळशाच्या धुराने हवा बिघडली की पुष्कळ शैवाके निघून जातात. त्यांचे नसणे हेच त्यांचे बोलणे. आपल्याकडेही पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखिजा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या मुक्या जीवांमागे आयुष्याची वर्षे घालविली. ज्याला ऐकायचे असते त्याला ऐकू येते.

नातीने दोन्ही रकाने भरले. मग सहज म्हणाली, “आजोबा, आता साम्य सांगा.”

मला उत्तर येईना. ‘दोन्ही सजीव आहेत’ असे काहीतरी पुटपुटलो. तिला ते पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही. ती खेळायला गेली. मी अंगणातील मागच्या भिंतीकडे पाहत बसलो. त्या भिंतीच्या दगडावर हाताच्या पंजाएवढा एक पिवळट-करडा डाग आहे. त्याच्या वर एक लोखंडी आकडा आहे. त्या आकड्याला पूर्वी एक पिंजरा टांगलेला असे.

वाचकहो, तो पिंजरा माझा होता. १९७५ च्या उन्हाळ्यात, नोकरी लागून वर्षही झाले नव्हते तेव्हा, आठवडी बाजारात एका फिरत्या विक्रेत्याकडून मी टुइयाचे पिल्लू विकत घेतले. ढोलीतून काढलेले, पंख कापलेले, डोके अजून हिरवेच. मला त्याला बोलायला शिकवायचे होते. सकाळ-संध्याकाळ मी त्याच्यापुढे बसून एकच वाक्य म्हणत असे. पण हा पक्षी राघूइतका बोलका नसतो. तो आपले ‘टुई’ एवढेच म्हणे. दोन-तीन महिन्यांत माझा उत्साह मावळला. त्याच्या ओरडण्याने पाहुण्यांना त्रास होतो म्हणून पिंजरा पुढच्या ओट्यावरून मागच्या भिंतीवर गेला. माझे शब्द तो बोलत नव्हता, एवढाच त्याचा अपराध. तो त्याचे शब्द बोलत होता हे माझ्या हिशेबात नव्हते.

त्याला दाणा-पाणी देण्याचे काम आमच्या सालगड्याकडे आले. सालगडी म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. त्याच्या वडिलांनी मुलीच्या लग्नासाठी माझ्या वडिलांकडून उचल घेतली होती, ती फिटेपर्यंत पोरगा आमच्याकडे राबणार असे ठरले होते. दर पाडव्याला हिशेब होई आणि दर पाडव्याला काही ना काही बाकी निघे. माझे वडील कठोर मनुष्य नव्हते. त्यांनी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. आम्ही जेवतो ते त्याला मिळे, सणाला कपडे मिळत, आजारी पडला तर औषध मिळे. कोणी विचारले तर वडील सांगत, “घरच्यासारखा आहे तो. आमच्याबिगर त्याला कोण हाय?” आणि त्यांना ते मनापासून खरे वाटत असे.

एकदा पिंजऱ्यात पाणी ठेवता ठेवता त्या मुलाने मला विचारले, “मास्तर, ह्याला सोडल्यावर वापस येतंय का?”

मी म्हणालो, “नाही येणार. आणि बाहेर जगायचाही नाही. आयते खायची सवय लागली त्याला.”

तो काही बोलला नाही. १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा संसदेने केला, त्याची बातमी मीच वर्तमानपत्रातून घरात वाचून दाखविली होती. तो आपल्याला लागू पडतो असे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. आमच्याकडे वेठबिगार कोठे होता? आमच्याकडे तर घरचाच मुलगा होता.

१९७८ च्या पाडव्यानंतर तो एके दिवशी न सांगता निघून गेला. घरात सर्वांना वाईट वाटले; त्याहून अधिक रागही आला. मे महिन्यात मी उत्तरपत्रिका तपासण्यात गुंतलो होतो. एका दुपारी मागे गेलो तर पिंजऱ्यातील वाटी कोरडी होती आणि पक्षी तळाशी पडला होता. त्याच वर्षी त्याच्या डोक्यावर पुरता जांभळा रंग चढला होता. तो नर होता हे तेव्हा कोठे ध्यानात आले होते.

त्या दिवशी उन्हात नातीच्या रेघेपुढे बसलो असता मला हे सगळे आठवले, आणि तिच्या प्रश्नाचे उत्तरही सुचू लागले. दगडफूल आणि पिंजऱ्यातील पोपट यांत एक साम्य आहे : दोन्ही ठिकाणी कोणीतरी धरणारा आहे आणि कोणीतरी धरलेला आहे.

याचा थोडा खुलासा केला पाहिजे. दगडफूल हा एक जीव नाही. ते कवक म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचे एकत्र बिऱ्हाड आहे. बाहेरच्या भिंती कवकाच्या. आत, उजेड पोचेल अशा थरात, हिरव्या शेवाळाच्या सूक्ष्म पेशी. शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा कवक घेते. हे प्रथम स्पष्टपणे सांगितले ते स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेन्डेनर याने, १८६७ ते १८६९ च्या दरम्यान. आणि सांगताना त्याने उपमा वापरली ती मालक आणि गुलामांची : कवक हा धनी, शेवाळाच्या पेशी त्याने पकडून कामाला जुंपलेले दास. त्या काळच्या बहुतेक शैवाकतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढले. जेम्स क्रॉम्बी नावाचे एक धर्मोपदेशक शैवाकांचे मोठे जाणकार होते. त्यांनी ही सारी बंदिवान युवतीची आणि जुलमी धन्याची कादंबरी आहे अशी थट्टा केली. पण प्रयोगांनी श्वेन्डेनरची मुख्य गोष्ट खरी ठरली : जीव दोन आहेत. एवढेच नव्हे, तर २०१६ साली संशोधकांना काही शैवाकांच्या बाहेरच्या सालीत यीस्टचा तिसरा भाडेकरूही सापडला.

उपमेचे काय? १८७८ साली जर्मन शास्त्रज्ञ डी बारी याने या गोष्टीसाठी दुसरा शब्द रूढ केला. त्याचा अर्थ एवढाच की भिन्न जीवांचे एकत्र राहणे, सहजीवन. त्यात धनी नाही, दास नाही. कोणाचा लाभ, कोणाची हानी याचाही निवाडा नाही. म्हणजे एकाच करड्या कपट्याकडे पाहून एकाला तुरुंग दिसला, दुसऱ्याला बिऱ्हाड दिसले. मग खरे काय? शेवाळ घरात आहे की पिंजऱ्यात?

हा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा वाटतो, पण तो आपल्या रोजच्या जगण्याचा आहे. कारण आपण सर्वजण कोणाला तरी धरून आहोत, आणि प्रत्येक धरणारा स्वतःच्या धरण्याला घरच म्हणतो. पिंजरा हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या घरासाठी असतो. तेव्हा बाहेरून ओळखण्याच्या काही खुणा आहेत का?

पहिली खूण अशी सुचते की, दाणा-पाणी मिळते का ते पाहावे. पण ही खूण निरुपयोगी आहे. माझ्या टुइयाला तीन वर्षे दाणा-पाणी मिळत होते. सालगड्याला जेवण-कपडा मिळत होता. पोसणे हे घराचे लक्षण आहे तसेच पिंजऱ्याचेही आहे. किंबहुना पोसल्याशिवाय पिंजरा चालतच नाही.

दुसरी खूण प्रेमाची सांगतील. धरणाऱ्याच्या मनात माया असली की ते घर. माझ्या वडिलांच्या मनात माया होती याची मी साक्ष देईन. पण माया धरणाऱ्याच्या मनात असते, आणि दार ज्याच्यावर बंद होते तो दुसराच असतो. मायेने दाराची कडी विरघळत नाही.

तिसरी खूण मला दगडफुलाने सुचविली. शेवाळ कवकाच्या आत गेले तरी त्याचे स्वतःचे काम थांबत नाही. सूर्याकडे तोंड करून अन्न तयार करणे हेच त्याचे काम, आणि ते तेथे चालूच राहते. उघड्या खडकावर, कडक उन्हात जेथे ते एकटे क्वचितच टिकले असते, तेथे कवकाच्या सावलीत ते टिकते. आणि कवक एकटे वाढविले तर त्याचा नुसता बेढब गोळा होतो. दगडफुलाचा तो रेखीव आकार त्याला येत नाही. म्हणजे दोघांच्या एकत्र येण्यातून असे काही घडते जे दोघांपैकी कोणालाही एकट्याने साधत नाही. माझ्या पिंजऱ्यात काय घडले? टुइयाचे काम उडणे, थव्याने हिंडणे, ढोली शोधणे. ते सर्व बंद पडले, आणि त्याच्या बदल्यात जगात नवे काहीच निर्माण झाले नाही. ना त्याला भाषा आली, ना मला.

चौथी खूण सर्वांत बोचरी. कोणावाचून कोणाचे अडते? आपण नेहमी म्हणतो, याचे माझ्यावाचून अडेल. शैवाकात पाहावे तर उलटे दिसते. त्यातील कवक निसर्गात शेवाळावाचून राहू शकत नाही; शेवाळाचे मात्र तितके अडत नाही, ते एकटेही वाढविता येते. प्रयोगात असेही दिसले आहे की, कवकापासून वेगळे केल्यावर शेवाळ आपली साखर बाहेर सोडणे लवकरच थांबविते. म्हणजे आश्रय देणारा हाच खरा आश्रित! आमच्या घरी तेच झाले. मुलगा गेला त्या मृगात आमची तूर-उडदाची पेरणी उशिरा झाली. पुढे वडिलांनी शेत बटईने दिले. पक्ष्याला पाणी पाजणारा हातही त्याचाच होता हे आम्हाला पक्षी मेल्यावर कळले. ज्याला आमच्याबिगर कोणी नव्हते तो हैदराबादेस जाऊन गवंडीकाम शिकला. पुष्कळ वर्षांनी बायकामुलांना घेऊन गावी आला तेव्हा आमच्याकडे येऊन बसला. चहा घेतला. मागच्या भिंतीवरच्या रिकाम्या आकड्याकडे पाहून म्हणाला, “मेलं का ते?” मी ‘हो’ म्हटले. त्याने मान हलविली आणि पावसापाण्याचा विषय काढला. त्याने मला आणखी एखादा प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते.

येथे एखादा विचारी वाचक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. निसर्गातून नीती काढता येते का? शेवाळाची बाजूही मी सांगितली तितकी सोज्वळ नाही. कवकाच्या आत गेल्यावर त्याची वाढ कवकाच्या मर्जीने आखली जाते; त्याने केलेल्या अन्नाचा मोठा वाटा दुसराच नेतो. श्वेन्डेनर काही आंधळा नव्हता. आणि कवकाला मन नाही. ते ना जुलूम करते ना माया. मग त्याच्याकडून आपण काय शिकणार?

हा आक्षेप मला मान्य आहे. दगडफूल आपल्याला काही शिकवीत नाही. श्वेन्डेनरने त्यात धनी-दास पाहिले, कारण त्याच्या काळी जग धनी आणि दासांनी भरलेले होते; मी त्यात आमचा ओटा पाहिला. ते बापडे करडे ते करडेच. परंतु याच कारणासाठी ते उपयोगी आहे. माणसांच्या बाबतीत आपण इतक्या लवकर स्वतःची बाजू घेतो की प्रश्न पुरता विचारलाही जात नाही. कवक आणि शेवाळ यांत आपले कोणी नातेवाईक नाहीत. म्हणून तेथे ‘धरलेल्याला काय उरते?’ हा प्रश्न निर्भयपणे विचारता येतो. एकदा विचारायची सवय लागली की तोच प्रश्न घेऊन स्वयंपाकघरात, शेतावर, मंडळीच्या सभेत जाता येते. निसर्ग उत्तर देत नाही. आपला प्रश्न मात्र घासून लख्ख करून देतो.

आणि जो भेद कवकाला शक्य नाही तो आपल्याला शक्य आहे. कवक आपले दार उघडू शकत नाही. माणूस उघडू शकतो. म्हणून पाचवी आणि अखेरची खूण फक्त माणसांना लागू पडते : धरलेल्याने ‘जाऊ का?’ असे विचारले तर आपण काय करतो? घरात हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तर ऐकून माणूस कधी जातो, कधी राहतो. पिंजऱ्यात हा प्रश्न विचारण्यापूर्वीच आपल्याजवळ उत्तर तयार असते : ‘बाहेर जगायचा नाही तो.’ मी ते वाक्य एका पक्ष्याविषयी बोललो होतो. ज्याने ऐकले त्याला ते कोणाविषयी आहे ते बरोबर कळले होते.

आपल्या घरांतून आज हे वाक्य कोणाकोणाविषयी बोलले जाते याची यादी ज्याची त्याने करावी. विधवा झालेली आणि माहेरी आणलेली बहीण, जिच्या हातात घरची सर्व कामे आणि कनवटीला एक रुपया नाही. गावाकडून ‘शिकवायला’ म्हणून आणलेली लांबच्या नात्यातील मुलगी, जी शिकत नाही, भांडी घासते. म्हातारे वडील, ज्यांना आपण सुखात ठेवले आहे, फक्त त्यांच्या जुन्या गावी जाऊ देत नाही. सर्वांना आपण घरच्यासारखे ठेवतो. त्या ‘सारखे’ या शब्दातच सारी गोम आहे. घरच्याला कोणी घरच्यासारखे म्हणत नाही.

पोपटाच्या बाबतीत आता कायदा स्पष्ट आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील पुढील दुरुस्त्या यांनुसार आपला देशी पोपट, मग तो राघू असो की टुइया, पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. तरी अनेक घरांच्या ओट्यावर अजून पिंजरे दिसतात, चांगल्या घरांच्याही. ते लोक दुष्ट नाहीत. मीही दुष्ट नव्हतो. ज्यांच्याकडे असा पक्षी असेल त्यांनी त्याला एकदम दार उघडून हाकलू नये. कापलेल्या पंखांचा पक्षी मांजराच्या तोंडी जातो. वनखात्याच्या स्वाधीन करावा. धरण्यात जी घाई झाली ती सोडण्यात करू नये. धरलेल्याचे जे आपण मोडले ते दुरुस्त होईपर्यंत आपली जबाबदारी संपत नाही. सालगड्यांच्या बाबतीतही हेच म्हणेन. दार उघडले, आता आपला संबंध संपला, असे म्हणणारा धनी आणि दार बंद ठेवणारा धनी यांत फार अंतर नाही.

संध्याकाळी नात परत आली. फरशीवरचे रकाने अर्धे पुसले गेले होते. मी तिला पिंजऱ्याची गोष्ट सांगितली. मुलाचीही सांगितली, काही न गाळता. तिने सगळे ऐकून घेतले. मग उठून मागच्या भिंतीपाशी गेली आणि त्या पिवळट-करड्या डागावरून बोट फिरवून म्हणाली, “हे तेव्हा पण होतं?”

“होते,” मी म्हणालो. “जवळजवळ एवढेच.”

दुसऱ्या दिवशी तिच्या आजीने मसाला कुटला. दगडफूल त्यात गेलेच. मी काही त्याच्याविरुद्ध उपदेश करणार नाही. फक्त या खेपेला बरणी भरताना आजीने नातीला विचारले, “यात काय काय घातलं सांग,” आणि नातीने एकेक नाव घेतले. दगडफुलाशी आल्यावर ती म्हणाली, “यात दोघं राहतात.” भिंतीवरचा आकडा त्याच आठवड्यात मी पक्कडीने उपटून काढला. दगडावरचा डाग खरवडला जाऊ नये म्हणून जपून काढावा लागला. त्याला अर्धा तास लागला.